क्लोरीन तपासायला ओटीची बाटली की डीपीडीचं किट?

मराठवाड्यातल्या गावागावांत जलसुरक्षकाच्या हाती ओटीची, म्हणजे क्लोरीन तपासायच्या ऑर्थोटोलिडिन द्रावणाची, बाटली असते. नळाच्या पाण्यात थेंब टाकायचे, पिवळं झालं की वहीत ‘ओटी पॉझिटिव्ह’ लिहायचं. जुलाबाच्या जिवाणूंपुरतं हे चालून जातं. एन्टेरोव्हायरसला, म्हणजे आतड्यात वाढणाऱ्या विषाणूंना, मात्र ही नोंद पुरत नाही.

पोलिओ, कॉक्सॅकी, एको हे सगळे याच गटातले. जेमतेम ३० नॅनोमीटरचा कण, वरून चरबीचं आवरण नाही, त्यामुळे जठरातलं आम्लही पचवतो. लागण झालेल्या मुलाच्या विष्ठेतून तो काही आठवडे बाहेर पडत राहतो. ई. कोलाय हा विष्ठेतला जिवाणू मरतो तेवढ्या क्लोरीनला हे विषाणू दाद देत नाहीत, त्यातही कॉक्सॅकी बी५ फारच चिवट. म्हणून एच२एसची (विष्ठेतल्या जिवाणूंच्या चाचणीची) बाटली काळी झाली नाही, तरी विषाणू नाहीत असं समजू नये. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, मुक्त (पाण्यात मोकळं उरलेलं) क्लोरीन किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर मागतं. विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तर किमान ०.५. तेव्हा किटला एकच प्रश्न विचारायचा: ०.२ आणि ०.५ मधला फरक दाखवतोस का?

ओटी इथेच कच खाते. दोन्ही आकड्यांचे पिवळे रंग फिकट, आणि पत्र्याच्या शेडमधल्या पिवळ्या बल्बखाली तर एकसारखेच. शिवाय मुक्त क्लोरीनचं वाचन थेंब टाकल्यापासून १० सेकंदांच्या आत घ्यावं लागतं. १५-२० मिनिटांनी दिसणाऱ्या रंगात संयुक्त (अमोनियासारख्या घटकांशी जोडलं गेलेलं) क्लोरीनही आलेलं असतं, आणि ते विषाणूंवर फारच मंद चालतं. गर्दीत नळी ठेवून दिली आणि नंतर पाहिली, की आकडा फुगलाच. लोह, मँगनीज आणि नायट्राइटही पिवळा रंग देतात. गंजलेली पाइपलाइन किंवा उकिरड्याशेजारचं बोअर असेल तर क्लोरीन नसतानाही ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकतं. पाणी फार अल्कधर्मी असेल तर पिवळ्याऐवजी हिरवट-निळसर छटा येते, म्हणजे द्रावणातलं आम्ल कमी पडलं. वर ऑर्थोटोलिडिन कर्करोगकारक असल्याचा संशय आहे. नळीचं तोंड अंगठ्याने बंद करून हलवायची सवय आधी मोडावी.

डीपीडी या दुसऱ्या रसायनाचं किट महाग पडतं, दर तपासणीला गोळी लागते. पण रंग गुलाबी येतो आणि ०.२ ते ०.५ मधली पायरी साध्या डोळ्याला कळते. नळ मिनिटभर वाहू द्या, त्याच पाण्याने नळी विसळा, १० मिलिलिटर पाणी घ्या. एक नंबरची गोळी पाकिटातून थेट नळीत पाडा, बोट लावू नका. दांडीने चुरा आणि मिनिटभरात सावलीतल्या उजेडात रंग जुळवा. तीन नंबरची गोळी एकूण, म्हणजे मुक्त आणि संयुक्त मिळून, क्लोरीनसाठी असते. ती वापरलेली नळी नीट धुतली नाही, तर त्या गोळीतलं उरलेलं आयोडाइड पुढचं वाचन फुगवतं. आणखी एक फसगत: टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर नुकतीच ओतली असेल तर जास्त क्लोरीनने गुलाबी रंगच उडतो आणि ‘शून्य’ दिसतं. शंका आली तर क्लोरीन नसलेल्या शुद्ध पाण्याने दहापट पातळ करून पुन्हा पाहा. नमुना बाटलीत भरून तालुक्याला नेण्यात अर्थ नाही, वाटेतच क्लोरीन उतरतं.

किट घेताना त्यात पीएचसाठी (पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी ते पाहायला) फिनॉल रेड आहे ना, एवढं बघाच. पीएच ७.५ ला मुक्त क्लोरीनपैकी साधारण निम्मं जोरकस रूपात असतं, ८.५ ला जेमतेम दहावा हिस्सा. आपल्या काळ्या दगडातलं पाणी बऱ्याचदा ८ च्या आसपास असतं, तिथे ०.५ दिसलं तरी ३० मिनिटांचा संपर्कवेळ, म्हणजे क्लोरीन टाकल्यावर थांबायचा वेळ, कमी करू नये.

टँकरवर या किटचं मोल कळतं. १०,००० लिटरला चांगली टीसीएल साधारण २५ ग्रॅम, बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, फक्त वरची निवळी ओतायची. अर्ध्या तासाने ०.२ आलं तर ०.३ ची तूट, म्हणजे ३ ग्रॅम क्लोरीन, म्हणजे ३० टक्क्यांच्या पावडरीचे आणखी १० ग्रॅम. हा हिशेब ओटीच्या पिवळ्यावर मांडताच येत नाही. उन्हाळाभर उघड्या पोत्यात पडलेली पावडर ३० टक्क्यांची राहत नाही, तेव्हा दुसऱ्या मात्रेनंतरही तपासणी चुकवू नका. आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या गावात तर टाकीपेक्षा शेवटच्या नळाचं आणि घरातल्या हौदाचं वाचन महत्त्वाचं.

एन्टेरोव्हायरसमुळेच होणाऱ्या हात-पाय-तोंडाच्या आजाराची साथ मात्र मुख्यतः लाळ, हात आणि खेळण्यांवरून फिरते. तिथे हे किट कामाचं नाही. साबण-पाणी हवं, आणि अल्कोहोलचं सॅनिटायझर या विषाणूंवर कमजोर पडतं.

ग्रामपंचायतीने डीपीडी घ्यावं. एक नंबरच्या आणि फिनॉल रेडच्या गोळ्या जास्त मागवाव्यात, तीन नंबरच्या थोड्याच. मुदतीची तारीख पाहूनच डबा स्वीकारावा आणि तो उन्हात तापणाऱ्या खिडकीत ठेवू नये.