उद्यमबाग की बेंगळुरू? प्रॉडक्ट सांभाळणाऱ्यानं सुरुवात कुठं करावी

कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या स्टार्टअपमध्ये प्रॉडक्टची जबाबदारी घ्यायची, तर बेळगावच्या पोरांपुढं दोन वाटा: बेंगळुरू गाठायचं, नाहीतर इथंच उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, बसायचं. मी दोन्हीकडं काम केलंय.

बेंगळुरूत शिकवणारी माणसं भेटतात. गिऱ्हाईक असलेल्या मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअर वापरणारा वेगळा, पैसे मंजूर करणारा वेगळा आणि सुरक्षेची प्रश्नावली पाठवणारा तिसराच. सौदा महिनोन् महिने रेंगाळतो. हे आधी निभावलेला वरिष्ठ शेजारी असणं फार मोलाचं. पगारही तिकडंच जास्त. इथं विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ १९९८ पासून आहे, नवखे इंजिनिअर मिळतात. अनुभवी डिझायनर मात्र शोधून सापडत नाही.

पण गिऱ्हाईक? बेंगळुरूत ते मला बहुतेक स्क्रीनवरच भेटलं. उद्यमबागेत फाउंड्री, म्हणजे धातू ओतायचा कारखाना, चालत जाण्याच्या अंतरावर. ओतकामाच्या नोंदींसाठी आम्ही १४ रकान्यांचा फॉर्म केला होता. भट्टीजवळच्या मामांनी हातमोजा काढून काळी बोटं दाखवली. "ह्या हातानं मोबाईल कुठं धरू रे बाळा?" ते हीट नंबर, म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूच्या खेपेचा आकडा, खडूनं कास्टिंगवर (ओतलेल्या भागावर) लिहायचे, संध्याकाळी सुपरवायझर तो वहीत उतरवायचा. माल परत आला, तर तो कुठल्या हीटचा हे त्या एका आकड्यावरून कळतं. आम्ही १३ रकाने काढून टाकले. खडूच्या आकड्याचा फोटो तेवढा ठेवला, तोही सुपरवायझरनं काढायचा.

माझा कौल स्पष्ट आहे: पहिली दोन वर्षं भट्टीजवळ, मग बेंगळुरू.