टाइम स्टेप किती घ्यायचा: एक्सप्लिसिट की इम्प्लिसिट?

संगणकावर प्रवाहाचं गणित काळाच्या छोट्या टप्प्यांत सोडवतात; असा एक टप्पा म्हणजे टाइम स्टेप. एक्सप्लिसिट पद्धत पुढच्या टप्प्याचे आकडे थेट आधीच्या आकड्यांवरून काढते, इम्प्लिसिट पद्धत ते सगळे समीकरणं एकत्र सोडवून काढते. पाण्यात आडवा धरलेला १ सेंटिमीटर व्यासाचा दंडगोल घ्या. प्रवाह सेकंदाला १ सेंटिमीटर, म्हणजे रेनॉल्ड्स नंबर (प्रवाहाचं जडत्व आणि स्निग्धता यांचं गुणोत्तर) १००. मागे आलटूनपालटून भोवरे सुटतात. स्ट्रूहाल नंबर (भोवऱ्यांची वारंवारता गुणिले व्यास भागिले वेग) साधारण ०.१६५ असल्याने एक आवर्तन सुमारे ६ सेकंदांचं. हिशेबासाठी पाण्यात आखलेल्या जाळीचा, म्हणजे मेशचा, दंडगोलालगतचा सेल (एक घर) ०.१ मिलिमीटरचा.

एक्सप्लिसिट म्हटलं की सगळे आधी कूरांट नंबर बघतात, म्हणजे एका स्टेपमध्ये प्रवाह किती सेल ओलांडतो तो आकडा. कूरांट, फ्रीडरिक्स आणि लेवी यांची १९२८ सालची अट: एका स्टेपमध्ये प्रवाहाने एका सेलहून जास्त अंतर कापू नये. हिशेब ०.०१ सेकंद येतो. तेवढा स्टेप देऊन रन लावला की थोड्याच वेळात वेगाचे आकडे भडकतात, लॉगमध्ये 'नॅन' (आकडाच नाही अशी खूण) येतं आणि आपण मेश तपासत बसतो. मेश ठीकच असते. इथे आधी आडवी येते ती स्निग्धता. चौरस सेलच्या द्विमितीय मेशवर साध्या ऑयलर पद्धतीची मर्यादा म्हणजे सेलच्या लांबीचा वर्ग भागिले चौपट गतिज स्निग्धता: पाण्यासाठी ०.००२५ सेकंद. एका आवर्तनाला २४०० स्टेप. सेल निम्मा केला तर कूरांटची मर्यादा निम्मी होते, ही मात्र पाव.

इम्प्लिसिटमध्ये ही अडचणच नाही. ०.०६ सेकंद घ्या, आवर्तनाला १०० स्टेप पुरतात. प्रत्येक स्टेप महाग पडतो हे खरं, पण असंपीड्य (घनता न बदलणाऱ्या) प्रवाहात दाबाचं समीकरण दोन्हीकडे सोडवावं लागतं आणि बराचसा वेळ तिथेच जातो. त्यामुळे या कामाला मी इम्प्लिसिटच घेईन. फक्त पिसो (वेग आणि दाब यांची सांगड घालणारी एक रीत) पद्धत वापरत असाल तर कूरांट १ च्या आसपास ठेवा. ०.०६ सेकंदाला तो ६ होतो; तेवढं पुढे जायचं तर पिंपलमध्ये, म्हणजे एकाच स्टेपमध्ये ही सांगड पुन्हा पुन्हा घालणाऱ्या रीतीत, बाहेरच्या फेऱ्या वाढवा.

धोका वेगळाच आहे. ०.६ सेकंदाचा स्टेपही निमूट चालून जातो, रेसिड्युअल (समीकरणांत उरलेली चूक) छान उतरतात, पण लिफ्टच्या (प्रवाहाला काटकोनातल्या बलाच्या) आलेखाची शिखरं बसकी होतात. पहिल्या क्रमाच्या (स्टेप निम्मा केला की चूक निम्मीच होणाऱ्या) इम्प्लिसिट ऑयलरमध्ये तर भोवरेच विरत जातात. म्हणून क्रँक-निकोल्सनसारखी दुसऱ्या क्रमाची (चूक पाव होणारी) पद्धत घ्या, आणि स्टेप निम्मा करून लिफ्टचं शिखर व आवर्तनकाळ हलतात का ते बघाच.

शॉक वेव्ह किंवा स्फोट असेल तर एक्सप्लिसिट निवडा. तिथे बारीक स्टेपने लाटेमागे धावायचंच असतं. पण हाच दंडगोल संपीड्य एक्सप्लिसिट सोल्व्हरमध्ये घातलात, तर कूरांटच्या अटीत ध्वनीचा वेगही येतो; पाण्यातला ध्वनी सेकंदाला सुमारे १४८० मीटर जातो, आणि स्टेप उरतो सेकंदाचा दीड कोटीवा भाग.