नव्या शॉकअपचे पैसे घेतले, बसवले जुनेच

गाडी खाली बसवणारे लोअरिंग स्प्रिंग टाकताना चारही शॉकअप (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) नवे टाकतो असं सांगून जळगावच्या एका गॅरेजवाल्याने माझ्याकडून पूर्ण पैसे घेतले आणि जुन्याच शॉकअपना काळा रंग मारून ते परत बसवले. हे उघडं पडलं तेव्हा गाडीत बायको आणि पोरं होती. त्यामुळे राग पैशांचा कमी आणि त्या जोखमीचा जास्त आहे.

गाडी 2014 ची स्विफ्ट, लाखभर किलोमीटर चाललेली. शॉकअप कंपनीतून आलेलेच होते. गाडी थोडी खाली, रस्त्याला धरून चालणारी असावी ही माझी जुनी हौस. पण नुसते स्प्रिंग नकोत, शॉकअपही बदलायचे, हे मी आधीच ठरवलं होतं. गाडीचं वजन स्प्रिंग पेलतो आणि स्प्रिंगची उसळी शॉकअप जिरवतो. आतलं तेल बारीक छिद्रांतून जाताना जो अडथळा होतो त्यावर सगळा खेळ आहे. लोअरिंग स्प्रिंग आखूड असतो आणि कडकही. दाबला गेला की जास्त जोराने उलटतो. थकलेल्या शॉकअपला तो जोर आवरत नाही. शिवाय गाडी खाली बसली की शॉकअपचा रॉड आधीच आत गेलेला असतो. खड्ड्यात दबायला जागा कमी उरते आणि रबरी स्टॉपरवर ठोकर बसते.

स्विफ्टला पुढचा स्प्रिंग शॉकअपवरच बसलेला असतो. स्प्रिंग काढायचा तर अख्खी असेंब्ली उतरवावीच लागते, म्हणजे शॉकअपची वेगळी मजुरी लागायचं कारण नाही. हे सगळं मी त्याच्यासमोर बोललो. तो म्हणाला, "बरोबर शे भाऊ, तुम्हाले माहिती शे सगळं." बिलावर त्याने 'शॉकअप नवीन, नग 4' असं स्वतःच्या हाताने लिहिलं.

गावात गाडी छान वाटली. इथेच बहुतेकांची फसगत होते. कडक स्प्रिंगमुळे गाडी घट्ट लागते, वळणावर कलत नाही, आणि शॉकअप मेलेला असला तरी पटकन कळत नाही. बॉनेटचा कोपरा दाबून गाडी एकदाच वर येऊन थांबते का, ही नेहमीची परीक्षाही इथे फसवी ठरते, कारण कडक स्प्रिंग हाताने पुरता दबतच नाही.

छत्रपती संभाजीनगरहून परत येताना कन्नडचा घाट उतरत होतो. एका वळणावर रस्ता उखडलेला होता. मागची चाकं त्यावरून गेली आणि गाडी उड्या मारू लागली. एक उडी जिरायच्या आत दुसरी, आणि प्रत्येक उडीला मागची बाजू बाहेरच्या अंगाला सरकत होती. वेग कमी होता म्हणून निभावलं. मागे धाकटी रडायला लागली.

चाळीसगावला पहिलं गॅरेज दिसलं तिथे गाडी घातली. मिस्त्री वयस्कर माणूस. त्याने मागच्या टायरवरून तळहात फिरवला आणि मलाही फिरवायला लावला. रबर एकसारखं घासलेलं नव्हतं, हाताला खळगे लागत होते. चाक रस्त्यावर नाचत असलं की असं होतं. मग एक शॉकअप काढून त्याने स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने रंग खरवडला. खाली गंज निघाला, आणि सीलच्या खाली तेलात कालवलेल्या धुळीचा जाड थर. तो पुसायचीही तसदी न घेता वरूनच स्प्रे मारला होता. रॉड दाबला तर काही अडथळा न होता आत गेला आणि तिथेच राहिला. तो एवढंच म्हणाला, "दादा, हा कधीच गेलेला आहे." बाकीचे तिन्ही तसेच निघाले. काढतानाचा व्हिडिओ मी सुरुवातीपासून घेतला होता.

जळगावच्या गॅरेजवाल्याला फोन केला तर म्हणे, "आम्ही नवेच टाकले होते, तुम्ही बाहेर बदलून घेतले असतील." बिलावर 'शॉकअप नवीन' होतं, पण पार्ट नंबर नव्हता, त्याचा तो फायदा घेतोय. म्हणून सांगतो, नव्या पार्टचा बॉक्स आपल्यासमोर फोडायला लावा, नंबरचा फोटो काढा, तोच नंबर बिलावर लिहून घ्या, आणि जुना पार्ट मागून घरी आणा. देणारा काचकूच करत असेल तर गाडी तिथून काढा. "शॉकअप अजून चांगले आहेत, नुसते स्प्रिंग टाकू" असं कोणी म्हणालं, तर शॉकअप सुटा करून रॉड हाताने दाबून दाखवायला सांगा. काम झाल्यावर अलाइनमेंटही करूनच घ्या. गाडी खाली गेली की चाकांचा कोन बदलतो आणि टायर आतल्या कडेने झिजतो.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर मी तक्रार नोंदवली आहे. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. घटनेपासून 2 वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. रंगवलेले चारही शॉकअप मी भंगारात दिलेले नाहीत. आयोगासमोर बिल, व्हिडिओ आणि ते शॉकअप, हाच माझा पुरावा आहे. तुमच्यावर अशी वेळ आली तर काढलेला माल दुसऱ्या मिस्त्रीकडे सोडून येऊ नका.