लाल वीट, दोन पावसाळ्यांनंतर: घर झकास, पण लोणा डोक्यात जातो

गेल्या ऑक्टोबरात हॉलच्या पश्चिमेकडच्या भिंतीला, खिडकीखाली, पोपडे धरले. रंगाखाली बोट घातलं तर पांढरं, पिठूळ काहीतरी हाताला लागलं. लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर येणारे क्षार! नव्याकोऱ्या घराला, रंग देऊन वर्षही झालं नसताना. तेव्हाच लिहायला बसणार होते. पण रागाच्या भरात लिहिलं की चांगलंही वाईट दिसतं, म्हणून आणखी एक पावसाळा जाऊ दिला. आता तोही सरलाय, तर सविस्तर लिहिते.

घर सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठच्या गावात, चहूबाजूंनी ऊस. खालच्या मजल्याला भट्टीची लाल वीट, बाहेरच्या भिंती नऊ इंची आणि आतल्या साडेचार इंची. वरच्या मजल्याला मुलाच्या आग्रहाखातर पांढरे एएसी ब्लॉक, म्हणजे आत हवेचे बुडबुडे असलेले हलके काँक्रीटचे ठोकळे. पोर्चची भिंत गिलावा न करता नुसत्या दरजा भरून उघडी ठेवलीय. फ्लाय अ‍ॅशची वीट वापरलेली नाही, त्यामुळे तिच्याबद्दल काही बोलत नाही.

वीट घेताना सगळे जे बघतात ते मीही बघितलं. दोन विटा एकमेकींवर वाजवल्या की खणखणीत आवाज यायला हवा. नखाने ओरखडा उठता कामा नये. मीटरभर उंचीवरून टाकली तर फुटू नये. कोपरे धारदार हवेत, रंग सारखा तांबडा. पिवळट म्हणजे कमी भाजलेली, काळी आणि वेडीवाकडी म्हणजे खंगर. एक तोडून पाहिली, आत चुनखडीचे खडे नव्हते. हे खडे भट्टीत भाजून त्यांचा कळीचा चुना होतो आणि पुढे भिंतीत ओल लागली की ते फुगून गिलाव्याला फोड आणतात. चोवीस तास भिजवून वजनही केलं. साध्या विटेने स्वतःच्या वजनाच्या 20 टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिऊ नये असं आयएस 1077 हे विटांचं भारतीय मानक सांगतं, म्हणजे तीन किलोच्या विटेला सहाशे ग्रॅम. आमची वीट सगळ्यात पास झाली.

या सगळ्यात मिठाची परीक्षा कुठेच नाही. माझं सगळं म्हणणं याच एका गोष्टीपाशी येतं. भट्टीवाला, गवंडी, इंजिनिअर, शेजारी, कुणीही वीट घेताना क्षारांबद्दल अवाक्षर काढत नाही. आणि घराला आयुष्यभर छळतं ते हेच.

पोपडे निघाल्यावर कंत्राटदाराला फोन केला. उत्तर ठरलेलं: "मॅडम, नव्या भिंतीला येतंच ते. दोन पावसाळे जाऊ देत, आपोआप जाईल." यातलं अर्धं खरं आहे. बांधकामातलं पाणी सुकताना विरघळलेले क्षार पृष्ठभागावर येतात आणि क्षाराचा साठा मर्यादित असेल तर झाडून झाडून कमी होत जातात. पण माझ्याकडे गिलावा सुटत होता, तो कसा आपोआप चिकटणार? त्याने बोट दाखवलं भट्टीकडे, "माती खारट असणार." भट्टीवाल्याने बोट दाखवलं कंत्राटदाराकडे, "आमची वीट घेऊन तालुकाभर घरं उभी आहेत, तुमच्याच भिंतीला कसं आलं?" रंगारी म्हणाला खरवडून पुट्टी लावू आणि वरून ऑइल पेंट मारू. हे मात्र कुणीही करू नका. आतली ओल बाहेर पडायची वाट बंद झाली की क्षार रंगाच्या मागे साठतात आणि पुढच्या वेळी पोपडा आणखी जाड निघतो.

मीही तेव्हा विटेलाच दोष देत होते. वीट वाईट, भट्टी वाईट, असं येईल त्याला सांगत होते. मग आयएस 3495 मधली लोण्याची चाचणी वाचली आणि ती इतकी सोपी आहे हे पाहून थक्क झाले. सपाट बुडाचं भांडं घ्यायचं, त्यात वीट उभी ठेवायची आणि विटेचं टोक 25 मिलीमीटर बुडेल इतकं डिस्टिल्ड वॉटर ओतायचं. हवेशीर खोलीत ठेवायचं. सगळं पाणी विटेने शोषून उडून गेलं की पुन्हा तेवढंच घालायचं. दुसऱ्यांदा वाळली की बघायचं. काहीच नाही तर उत्तम. दहा टक्क्यांपर्यंत पातळ पांढरा थर म्हणजे किंचित. निम्म्यापर्यंत म्हणजे मध्यम. निम्म्याहून जास्त म्हणजे जड. आणि पावडर सुटायला किंवा पापुद्रे निघायला लागले तर गंभीर. साध्या विटेला मध्यमपर्यंत चालतं, ताकदीच्या 12.5 च्या वरच्या वर्गाच्या विटेला किंचितच चालतं.

डिस्टिल्ड वॉटर म्हणजे इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो तेच पाणी, कुठल्याही बॅटरीवाल्याकडे मिळतं. आवारात उरलेल्या, न भिजवलेल्या विटा होत्या. एक बॅटरीच्या पाण्यात ठेवली, दुसरी आमच्या बोअरच्या पाण्यात. पहिली वाळली तेव्हा एका कोपऱ्यावर पुसटशी पांढरी झाक, बस. दुसरीवर पाण्याच्या रेषेच्या वर जाड पांढरा पट्टा उमटला, बोट फिरवलं तर पावडर हातात आली, आणि भांड्याच्या तळालाही खरपूड राहिली. भट्टी तीच, घाणी तीच, फरक फक्त पाण्याचा.

इथे माझं विटेबद्दलचं मत पूर्ण बदललं. वीट चांगली होती, तिला आम्ही खारं पाणी पाजलं. टाकीत भिजवली बोअरच्या पाण्यात, माल कालवला त्याच पाण्यात, आणि बांधकामावर आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं तेही तेच. वाळवा, पलूस, मिरज आणि पलीकडे शिरोळ, या पट्ट्यात उसाला पाणी पाजून पाजून हजारो हेक्टर जमीन क्षारपड झालीय हे आपल्याला शेतीच्या संदर्भात तोंडपाठ असतं. तेच भूजल बोअरमधून घराच्या भिंतीत जातं, हे मात्र कुणाच्या डोक्यात येत नाही. पाणी प्रयोगशाळेत दिलं. बांधकामाच्या पाण्यात सल्फेट लिटरला 400 मिलिग्रॅमच्या आत हवं असं आयएस 456 मध्ये आहे, आमचं त्याच्या वर निघालं. आरसीसीसाठी क्लोराइडची मर्यादा 500 आहे, त्याच्या आत होतं, म्हणून जीव भांड्यात पडला. करारात साहित्य आणि पाणी तपासून घेण्याची जबाबदारी कंत्राटदाराची, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. अहवाल समोर ठेवल्यावर "आपोआप जाईल" हे वाक्य पुन्हा ऐकू आलं नाही.

खिडकीखालीच का, तर सिलला, म्हणजे खिडकीखालच्या पट्टीला, खालून ड्रिपची, म्हणजे पाणी तिथेच टपकवणारी खाच नव्हती. पश्चिमेचा पाऊस सिलवरून मागे वळून भिंतीत मुरत होता. क्षार आधीच आत होते, त्यांना विरघळवायला पाणी मिळालं, आणि ऑक्टोबरच्या उन्हात भिंत वाळताना ते बाहेर आले. जोत्यावरचा डीपीसीचा, म्हणजे ओल अडवणारा थर नीट होता, त्याचे फोटो माझ्याकडे आहेत, त्यामुळे जमिनीतली ओल चढण्याचा प्रश्न नव्हता.

आता बाकीचं. बांधणीबद्दल मिस्त्रींना शंभर टक्के गुण. नऊ इंची भिंत इंग्लिश बॉण्डमध्ये, म्हणजे एक थर लांब बाजू दाखवणाऱ्या स्ट्रेचरचा, त्यावर एक थर तोंडं दाखवणाऱ्या हेडरचा, आणि कोपऱ्यातल्या हेडरनंतर लांबीत चिरलेली क्लोजर. त्यामुळे उभे सांधे कुठेही एकावर एक आलेले नाहीत. पोर्चच्या उघड्या भिंतीवर हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं. सांधे सगळे एक सेंटीमीटरच्या आसपास. छापाची, म्हणजे खळग्याची बाजू कायम वर. एकदा एक पोरगा छाप खाली ठेवून थर लावत होता, तर मिस्त्रीमामांनी तो थर काढायला लावला: "खळगा खाली गेला तर त्यात माल कोण भरणार? आत पोकळी राहिली म्हणजे वीट अर्धीच बसली." दिवसाला दीड मीटरच्या वर भिंत चढवू दिली नाही. हेच गुणी मामा पाण्याबद्दल मात्र एक शब्द बोलले नाहीत!

वरच्या ब्लॉकांबद्दल सुरुवातीला मी फार खूश होते. 600 बाय 200 चा ब्लॉक, हलका, काम झपाट्याने झालं. पातळ चिकटमालात बांधकाम, भिजवणं जवळजवळ नाही, त्यामुळे लोण्याचा मागमूस नाही. पण पहिल्याच उन्हाळ्यात बीमच्या खाली आणि दाराच्या कोपऱ्यांतून केसाएवढ्या चिरा गेल्या. जिथे गिलाव्याआधी जाळी मारली होती तिथे नाहीत, जिथे घाईत राहिली तिथे हमखास आहेत. गिझर टांगायला साधा प्लग चालला नाही, लांब अँकर आणावे लागले. खालच्या विटेत खिळा ठोकला की तो माझ्या हयातीत हलणार नाही.

उन्हाळ्याचं म्हणाल तर दोन्हींचं गणित वेगळं. लाल विटेची नऊ इंची भिंत दुपारी चारपर्यंत आत थंडावा ठेवते, पण एप्रिलमध्ये रात्री दहाला पश्चिमेच्या भिंतीला हात लावला तर ती अजून कोमट असते. दिवसभर पोटात घेतलेली उष्णता ती रात्री सोडते. ब्लॉकची भिंत उष्णता मुळात कमी आत घेते, त्यामुळे रात्री झोपायला वरची खोली बरी, छताला उष्णतारोधक थर दिलाय म्हणून. पुन्हा बांधायचं झालं तर खाली वीट आणि वर ब्लॉक हेच ठेवीन.

पैशांचं मला झोंबतं ते असं: विटा, सिमेंट, वाळू यांच्या भावासाठी मी रुपया-रुपयाची घासाघीस केली. भट्ट्या पावसाळ्यात बंद असतात, म्हणून जूनच्या आधी विटा उतरवून घेतल्या आणि बऱ्यापैकी वाचवले. आणि पाण्याच्या तपासणीचा खर्च एका ट्रॉली विटांच्या भाड्याइतकासुद्धा नव्हता. तेव्हा ट्रक रिकामा करायच्या आधी दोन विटा मागून घ्या, एक बॅटरीच्या पाण्यात, एक तुमच्या बांधकामाच्या पाण्यात ठेवा. भट्टीवाला हसला तर हसू दे. दुसरी वीट पांढरी झाली तर नदीच्या पाण्याचा टँकर लावा, निदान भिजवायला आणि माल कालवायला. आणि लोणा आलाच असेल तर पाण्याने धुऊ नका, क्षार परत विरघळून आत जातात. कोरड्या ब्रशने झाडा, झाडलेलं गोळा करून बाहेर टाका, आणि भिंत पुरती वाळेपर्यंत रंग देऊ नका. पोर्चच्या उघड्या भिंतीवर एवढंच केलं, यंदा तिथे गेल्या वर्षीपेक्षा बरंच कमी आलं.

हॉलच्या भिंतीचं अजून बाकी आहे. सिलला ड्रिपची खाच कापून झाली. खराब गिलावा काढून, विटा उघड्या ठेवून वाळवायच्या आणि मग गोड्या पाण्यात नवा गिलावा, असं लेखी ठरलंय. टँकर कंत्राटदाराच्या खर्चाने, तारीख दिवाळीनंतरची. तोवर त्याची राखून ठेवलेली रक्कम माझ्याकडेच आहे, आणि नव्या गिलाव्याने एक पावसाळा काढल्याशिवाय ती सुटणार नाही.