ऑनलाइन ऑडिओ कन्व्हर्टर : देवळातल्या अँप्लिफायरवर फाइल वाजेल का?

खानापूर, निपाणीकडच्या भजनी मंडळांची रेकॉर्डिंगं आता मोबाइलवरच होतात, आणि वाजवायची असतात देवळातल्या जुन्या अँप्लिफायरवर, पेनड्राइव्ह लावून. मोबाइल देतो एम४ए, व्हॉट्सअ‍ॅपचा व्हॉइस मेसेज येतो ओपसमध्ये, आणि यातल्या बऱ्याच मशीनना कळते फक्त एमपी३. फाइलच्या नावापुढचे ‘.opus’ खोडून ‘.mp3’ लिहिले म्हणजे झाले, असे समजणारे पुष्कळ आहेत. तसे होत नाही. नाव बदलते, आतला माल तोच राहतो.

या कामाला १२३अ‍ॅप्सची ऑनलाइन ऑडिओ कन्व्हर्टर ही साइट चांगली आहे. खाते उघडावे लागत नाही, मोबाइलच्या ब्राउझरवरही चालते, आणि व्हिडिओ टाकला तर त्यातला नुसता आवाज काढून देते. फाइल टाका, एमपी३ निवडा, कन्व्हर्ट दाबा, एवढेच काम. पण लोक नेमके इथेच फसतात, कारण प्रगत सेटिंगचे बटण कोणी उघडतच नाही.

ते उघडून तीन गोष्टी बघा. सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले तो आकडा, ४४१०० ठेवा. व्हॉइस मेसेजवरून बनवलेली एमपी३ कधी कधी १६००० वर निघते. मोबाइलवर ती छान वाजते, जुने मशीन मात्र तिला हात लावत नाही किंवा भलत्याच वेगात वाजवते. दुसरे, बिटरेट, म्हणजे सेकंदाभराच्या आवाजाला किती डेटा खर्चायचा ते, कॉन्स्टंट (सगळीकडे सारखा) घ्या. व्हेरिएबलमध्ये (कमीजास्त होणाऱ्यात) जागा वाचते, पण स्वस्त प्लेअर वेळ चुकीची दाखवतात आणि पुढे ढकलताना अडखळतात. तिसरे, चॅनल. कर्ण्यावरच वाजवायचे असेल तर मोनो (दोन्ही बाजू एकत्र) करा. स्टिरिओची एकच बाजू कर्ण्याला जोडलेली असली, तर टाळ ऐकू येतात आणि पखवाज गायब!

बिटरेट किती? नुसत्या बोलण्याला मोनो ६४ केबीपीएस पुरते, भजनाला स्टिरिओ १२८ ते १९२. १२८ ला मिनिटाला साधारण १ एमबी जागा लागते. व्हॉइस मेसेजला ३२० लावणे म्हणजे नुसती जागा खाणे. रेकॉर्ड होतानाच जे गेले ते कन्व्हर्टर परत आणत नाही. उलट एमपी३ची एम४ए, तिची पुन्हा एमपी३ असे फिरवत राहिलात तर झांजेचा आवाज दर वेळी आणखी चरचरतो. मूळ फाइल जपून ठेवा, आणि मागवताना ती व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा.

मोठ्या फाइलला मात्र ऑनलाइनचा नाद नको. सीडीच्या दर्जाची तासाभराची वेव्ह (‘.wav’, न आवळलेली) फाइल जवळपास ६३५ एमबी भरते. ५ एमबीपीएसच्या अपलोडला नुसती चढायलाच १७ मिनिटे, आणि मधेच करंट गेला, राउटर बंद पडला, की पुन्हा पहिल्यापासून. कन्व्हर्टिओ या अशाच दुसऱ्या साइटवर फुकटात १०० एमबीची मर्यादा आहे, म्हणजे अशी वेव्ह दहा मिनिटांचीही मावत नाही. अशा वेळी कॉम्प्युटरवर व्हीएलसी हा प्लेअर उघडा: मीडिया, मग कन्व्हर्ट/सेव्ह. तेही फुकट आहे आणि फाइल घराबाहेर जात नाही. जमिनीच्या व्यवहाराची किंवा घरगुती वादाची रेकॉर्डिंगं तर कुठल्याच साइटवर चढवू नयेत.

शोधताना सापडणाऱ्या इतर साइटवर मोठे हिरवे ‘डाउनलोड’ बटण बऱ्याचदा जाहिरातीचे असते. उतरलेल्या फाइलच्या शेवटी ‘.exe’ किंवा ‘.apk’ दिसले, म्हणजे तो आवाज नसून प्रोग्रॅम निघाला, तर न उघडता डिलीट करा.

पेनड्राइव्ह फॅट३२ (फाइल साठवायची जुनी पद्धत) मध्ये फॉरमॅट केलेला हवा. फाइलचे नाव इंग्रजी अक्षरांत ठेवा, कारण छोट्या डिस्प्लेवर देवनागरीच्या जागी चौकोन येतात. काही मशीन नावाचा क्रम बघतच नाहीत, ज्या क्रमाने फाइल चढवल्या त्याच क्रमाने वाजवतात. काकडआरती आधी हवी असेल तर ती आधी कॉपी करा, बाकीचे अभंग मागाहून एकेक.