आईची कवळी, डेंटल कॉलेजची ओपीडी: ४ स्टार, एक स्टार खाड्यांचा कापला

कॉलेजचं नाव लिहीत नाही कारण खाली थोडी तक्रार पण आहे. खासगी डेंटल कॉलेज आहे, आमच्या इचलकरंजीपासून एसटीनं दीड-दोन तास. आईची वरची-खालची पूर्ण कवळी केली, सगळं धरून साडेतीन हजार. इथल्या एका क्लिनिकवाल्यानं २२ हजार सांगितलेले, वर इम्प्लांटचं पण गळ्यात मारायला बघत होता. म्हटलं डॉक्टर, मी माग चालवतोय, माझे माग नाहीत.

आईचं वय ६३. तीसेक वर्षं मिशेरी, त्यात शुगर, हिरड्या सुजायच्या, दात हलला की सरकारी दवाखान्यात जाऊन काढून यायचं, असं करत करत तोंड रिकामं. तिथं दात चांगले काढतात पण बसवायचं विचारलं की "ते इथं होत नाही, कॉलेजला जावा". आता सरकारी डेंटल कॉलेज म्हणजे मुंबई, नागपूर नाहीतर संभाजीनगर, आमच्यासारख्यानं कुठलं गाठायचं? मेडिक्लेमवाले पण अ‍ॅक्सिडेंट नसला तर दाताला सहसा हातच लावत नाहीत. आणि मावशी निपाणीत असते, तासाभराच्या वाटेवर, तिला कर्नाटकच्या दंतभाग्य योजनेत बीपीएल कार्डावर कवळी फुकट मिळाली. दोघी सख्ख्या बहिणी, मिशेरी एकाच डब्यातली, फक्त आईला दिली ती बॉर्डरच्या अलीकडं.

काम मात्र एक नंबर. शेवटच्या वर्षाची पोरगी होती, तिनं हिरव्या रंगाची काडी दिव्यावर मऊ करून ट्रेच्या कडेला लावली, गाल ओढ, जीभ बाहेर काढ, असं करत एकेका बाजूचं माप घेतलं, सकाळ तिथंच गेली. दातांचा रंग निवडताना आई म्हणाली एवढं पांढरंफेक नको, भावकी हसंल. मग मेणात दात लावून तोंडात घातले आणि साठ ते सत्तर मोजायला लावलं, साठ, एकसष्ट, बासष्ट, 'स' नीट निघतो का बघायला. आई चौसष्टला थांबली. पोरगी म्हणते, "आजी, दात अडतायत का आकडे?" आई म्हणाली, "आकडं गं बाळा."

तक्रार वेळेची. प्रत्येक स्टेपला सरांनी बघून सही केल्याशिवाय पुढं जाता येत नाही, आणि सर कधी लेक्चरला, कधी मीटिंगला, एकदा तर दोन वाजेपर्यंत नुसतं बसून परत आलो. कवळीसाठी सहा हेलपाटे, नंतर खालची टोचत होती म्हणून घासून घ्यायला दोन. आठ खाडे झाले माझे, पाचशे-सहाशेच्या हजेरीनं हिशोब करा, कवळीपेक्षा खाडे महाग पडले. आईला एसटीत हाफ तिकीट आहे तेवढंच बरं.

वरची घट्ट बसलीय. खालची हलते, पण ते डॉक्टर आधीच बोललेले, दात जाऊन बरेच दिवस झाले की हाड झिजतं आणि त्यात जीभ कवळीला ढकलत असते. पहिला आठवडा आमटी-भात, आता भाकरी कुस्करून खाते, परवा तर शेंगदाण्याचा कूट न मागता शेंगदाणेच मागितले. रात्री काढून साध्या पाण्यात ठेवायची, गरम पाण्यात अजिबात नाही, वाकते. आणि एक, मशेरीची सवय असेल तर लक्ष ठेवा, आमची आई चौथ्या दिवशी कवळी हातात घेऊन तिलाच मिशेरी लावत बसलेली.

जाणार असाल तर केस पेपर ९ च्या आत काढा, शुगरचा रिपोर्ट सोबत न्या. दात नुकतेच काढले असतील तर दोन-तीन महिने थांबायला सांगतात. आणि परीक्षेच्या थोडं आधी जावा, तेव्हा पोरांना कवळीच्या केसेस पुऱ्या करायच्या असतात, स्वतः फोन करून बोलवून घेतात.