जुन्या जिनाच्या जागेवरील प्रस्तावित संकुल: बुकिंगपूर्वी केलेली पाहणी

वर्धा जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी, बसस्थानक आणि मुख्य बाजार यांच्या मधोमध, अनेक वर्षांपासून बंद असलेल्या जिनाच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, जागेवर दुकाने, कार्यालये आणि सदनिका एकत्र असलेले संकुल प्रस्तावित आहे. माझे खेडे तेथून १८ किलोमीटरवर आहे. धाकट्या भावाला बियाणे-खतांच्या दुकानासाठी गाळा आणि मला नातवंडांच्या शाळेच्या सोयीने दोन खोल्यांची सदनिका हवी असल्याने आम्ही बुकिंग कार्यालयात तीनदा जाऊन नकाशे पाहिले.

मूळ कल्पना मला मनापासून पटली. खाली पेढी आणि वर माडीवर बिऱ्हाड ही आपल्या बाजारपेठांची जुनीच रीत आहे. मधल्या काळात नवे लेआउट गावाबाहेर शेतांत पडत गेले आणि तेथे राहायला गेलेल्या म्हाताऱ्या माणसांना औषधाची एक पट्टी आणायलाही कोणाच्या तरी गाडीची वाट पाहावी लागू लागली. येथे शाळा, रुग्णालय आणि तहसील कार्यालय पायी जाण्याच्या अंतरावर आहे.

तळमजल्याच्या नकाशाने मात्र माझी निराशा केली. या बाजारातील गिऱ्हाईक प्रामुख्याने आसपासच्या खेड्यांतून येते. ते सकाळच्या एसटीने उतरते, दुपारपर्यंत कामे उरकते आणि परतीची गाडी मिळेपर्यंत कोठेतरी सावलीला बसते. जुन्या दुकानांना त्यासाठी ओटा आणि पुढे आलेली छपरी असे. नव्या नकाशात सगळे गाळे काचेच्या दर्शनी भागाचे असून ते थेट फरसबंदीवर उघडतात. बसायला कठडा नाही, पाण्याची टाकी नाही, आणि गिऱ्हाइकांसाठी, विशेषतः बाजाराला आलेल्या बायकांसाठी, स्वच्छतागृह तर कोठेच दाखवलेले नाही. तळघरात मोटारींची व्यवस्था चांगली आहे. पण पेरणीच्या दिवसांत खताच्या गोण्या न्यायला आलेला ट्रॅक्टर कोठे उभा राहील, या भावाच्या प्रश्नावर कार्यालयात कोणाकडेही उत्तर नव्हते.

दुसरी उणीव वरच्या मजल्यांवर आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो अशा मुलखात घर म्हटले की कूलर आलाच. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून ओढून गार करतो, म्हणून तो खिडकीबाहेर बसवावा लागतो, आणि त्याला रोज पाणी घालावे लागते. या सदनिकांच्या शयनगृहांना सरकत्या काचा आहेत आणि बाहेर केवळ एसीच्या यंत्रापुरती अरुंद फळी आहे. तिसऱ्या मजल्यावर लोखंडी घोडी टांगून कूलर बसवणे धोक्याचे आहे, आणि चारही महिने एसीचे वीजबिल भरणे शेतीवर चालणाऱ्या घराला झेपत नाही. पश्चिमेकडच्या सदनिकांना तर छज्जाही पुरेसा नाही. बाग, व्यायामशाळा वगैरे नेहमीप्रमाणे आहे.

कार्यालयातील कर्मचारी सौजन्याने वागले. नकाशा वाचता न येणाऱ्या माझ्या भावाला त्यांनी प्रत्येक भिंत बोटाने दाखवून समजावली, हे नमूद केले पाहिजे. माहितीपत्रकावर महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, क्यूआर कोड आहे. तो स्कॅन करून नोंदणी व पूर्णत्वाची तारीख घरी बसून पाहता आली.

व्यवहाराच्या बाबतीत मात्र सावध राहावे लागेल. सांगितलेला भाव चौरस फुटामागे ३,३०० रुपये आहे, पण तो ८५० चौरस फुटांच्या ‘सेलेबल’ क्षेत्रावर, म्हणजे जिना, लिफ्ट अशा सामायिक जागांचा वाटा धरून. चटई क्षेत्र, म्हणजे घराच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागा, ५९० चौरस फूट भरते, म्हणजे प्रत्यक्ष भाव सुमारे ४,७५० रुपये पडतो. त्यात भर म्हणजे करारनाम्याआधीच २० टक्के रक्कम मागण्यात आली. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करार झाल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. हे सांगितल्यावर त्यांनी मागणी लगेच कमी केली; परंतु कापूस विकून आलेला पैसा घेऊन येणाऱ्या आणि कायदा ठाऊक नसलेल्या माणसाचे काय झाले असते, या विचाराने मी अस्वस्थ झालो. एकाच सोसायटीत गाळेधारक आणि रहिवासी असताना लिफ्ट, पाण्याचा पंप व गच्चीच्या दुरुस्तीचा खर्च कसा वाटला जाणार, हेही करारात लिहून घ्यावे लागेल.

आम्ही अद्याप टोकन दिलेले नाही. बुकिंग झाल्यावर मंजूर आराखड्यात मोठे बदल करायचे असतील, तर त्याच कायद्याप्रमाणे किमान दोन-तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते. सध्या मोजकीच बुकिंग झालेली असल्यामुळे बदलाची वेळ हीच आहे. म्हणून गाळ्यांपुढे छपरीसह ओटा, तळमजल्यावर स्वच्छतागृह, माल चढवण्या-उतरवण्याची जागा आणि प्रत्येक शयनगृहाबाहेर कूलरपुरता पक्का छज्जा व नळ, एवढ्या मागण्यांचा अर्ज आम्ही दिला आहे. त्याची पोच शिक्क्यासह मिळाली असून, लेखी उत्तर आल्यावरच आम्ही पुढचे पाऊल टाकू.